दमलेल्याला आधी भाकर

दिवाळीच्या सुमारास अमळनेर तालुक्यात कापूस वेचणीचे दिवस असतात. सकाळचं दव वाळायच्या आत बाया वावरात शिरतात. ओटी भरत जाते, सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात, आणि संध्याकाळी घरी आलं की चूल वाट पाहत असतेच. अशा दिवशी एखाद्या ख्रिस्ती घरात प्रार्थनासभा असली, तर सतरंजीवर टेकलेल्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा धर्मतत्त्व निघत नाही. ‘जीव थकी ग्या रे देवा’ एवढंच निघतं. मला ती प्रार्थना पुरी वाटते.

आमचं अमळनेर गाव तसं दोन्हीकडचं. 1916 साली उद्योगपती प्रतापशेठांनी इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं आणि वेदान्ताचा कीस काढायला देशभरातून विद्वान आले. त्याच गावात वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते. विचार करून थकलेल्या आणि चालून थकलेल्या, दोन्ही प्रकारच्या माणसांना हे गाव ओळखतं. म्हणूनच थकल्या माणसाला देव बळ देतो असं ख्रिस्ती परंपरा म्हणते, तेव्हा ते बळ येतं कसं, हे इथे राहून विचारावंसं वाटतं.

बायबलमध्ये या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला एलिया संदेष्ट्याच्या कथेत सापडतं. कार्मेल डोंगरावर त्याने परक्या देवाच्या शेकडो संदेष्ट्यांसमोर विजय मिळवला, आणि लगेच ईजबेल राणीच्या एका धमकीने तो खचला. रानात दिवसभराची वाट तुडवून रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागितलं. देवाने त्याला ना रागे भरलं, ना उपदेश केला. तो झोपला. देवदूताने हात लावून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, प्याला, पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं, कारण पुढची वाट लांबची होती. त्या अन्नाच्या जोरावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वतापर्यंत पोचला. देवाचा आवाज त्याने ऐकला तो तिथे, भाकरीनंतर.

महाराष्ट्रात ही कथा कोणी जगलं असेल तर पंडिता रमाबाईंनी. 1874च्या सुमाराला, दुष्काळात, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी देशभर पायपीट केली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरी तान्ही मनोरमा. वय तेवीस.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बहुतेक चरित्रं इथे थांबून टाळ्या तरी वाजवतात किंवा बोटं तरी मोडतात. रमाबाईंना स्वतःला महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. तोवर सगळा भार त्यांच्या बुद्धीवर, पाठांतरावर आणि वादाच्या ताकदीवर होता. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांकडून सरस्वती ही पदवी मिळवली, तिने आपलं बळ पुरत नाही हे कबूल करायला केवढं मन लागलं असेल!

त्या कबुलीनंतर त्यांनी काम कमी केलं नाही, वाढवलं. 1889 साली मुंबईत विधवांसाठी सुरू झालेलं त्यांचं शारदा सदन त्याआधीच पुण्याला आलं होतं. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात या कारणावरून 1893 साली रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. पुढे 1896-97चा दुष्काळ आला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. 1900च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि आश्रमातल्या जिवांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने मदतीचा शब्द दिला होता तो दहा वर्षांपुरता. ती मुदत संपल्यावर ठरलेलं उत्पन्न असं काही उरलं नाही. एवढ्या पोरीबाळींच्या रोजच्या जेवणाचा प्रश्न घेऊन रमाबाई प्रार्थनेला बसत. मात्र त्याच माळावर विहिरी खणल्या जात होत्या, शेती होत होती, माग चालत होते, छापखाना चालत होता. देवावर टेकणं आणि विहीर खणणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामं नव्हतीच.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. ऐकू येईनासं झालं होतं. टाइप जुळवणारे हात आश्रमातल्याच मुलींचे. 1921च्या जुलैत मनोरमा गेली, ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं ती. मुद्रितं तपासणं तरीही थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, आणि 1924 साली ते बायबल बाहेर पडलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खचलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं सांगणारे सगळ्याच धर्मांत भेटतात, ख्रिस्ती मंडळ्यांतही भेटतात. हे बोलणं क्रूर आहे आणि बायबलला धरूनही नाही. प्रेषित पौलाने आपल्या देहातला काटा काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेल, एवढंच उत्तर मिळालं. महिनोन्‌महिने झोप नसेल, जगणंच नकोसं झालं असेल, तर त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यायचं, सोबत बसायचं, त्याच्या घरी डबा पोचवायचा. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती मंडळींनी दवाखाना चालवला तो याच समजुतीने. देव बळ देतो असं मानणारी माणसं तिथे सलाइनही लावतात.

खानदेशाशी जवळचा धागा आहे तो लक्ष्मीबाई टिळकांचा. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या कोवळ्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना बालकवी हे नाव मिळालं. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या संमेलनाला होते. पुढे बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. खुद्द लक्ष्मीबाईंचा ख्रिस्ताकडे येण्याचा रस्ता थकव्यातूनच गेला होता. 1895 साली पतीने धर्मांतर केलं, तेव्हा नवरा असून नसल्यासारखी वर्षं त्यांनी काढली. मग त्या पतीकडे परतल्या, आणि 1900 साली, कोणाच्या दडपणाने नाही, आपल्या मनाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मे 1918मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. पुढच्याच मे महिन्यात टिळक गेले. टिळकांनी अभंगांतून येशूला आईच्या नात्याने हाक मारायला मराठी ख्रिस्ती मंडळींना शिकवलं होतं. त्यामुळे आजही उपासनेत पेटी-तबल्यावर ती पदं सुरू झाली, की वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसालाही ती परकी वाटत नाहीत. पण त्यांचं मोठं काव्य, ‘ख्रिस्तायन’, दहा-अकरा अध्यायांवर अडलेलं होतं. लक्ष्मीबाईंचं शिक्षण घरातच, तुटक तुटक झालेलं. वय उताराला लागलेलं. तरी त्यांनी ते हाती घेतलं आणि ओवी ओवी करत चौसष्ट अध्याय लिहिले. त्याच काळात ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्रही लिहून होत होतं. 1936च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा काव्याचा शेवट बाकी होता. तो शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला.