लुटारू माशीच्या चिठ्ठ्या

शाळेच्या कपाटातील कीटकांची नावे आपण ठळक अक्षरांत लिहितो. ते कोठे व केव्हा सापडले, हे मात्र बहुधा राहून जाते. मीही शिक्षक असताना हीच चूक केली आहे.

युरोपातील आल्प्स पर्वतात एक लुटारू माशी आढळते. ती कीटकावर झडप घालते, सोंडेने त्याच्या अंगात लाळ सोडते आणि आतील विरघळलेला रस शोषून घेते. ऑस्ट्रियन संशोधक शिनर ह्यांनी १८६२ साली तिला 'लॅसिओपोगॉन मोंटॅनस' हे नाव दिले. म्हणजे डोंगरातील केसाळ दाढीवाली!

संग्रहालयात अशी माशी टाचणीवर असते व तिच्याखाली बारीक चिठ्ठ्या असतात. एकीवर स्थळ, उंची, तारीख व पकडणाऱ्याचे नाव. दुसरीवर जातीचे नाव. जात चुकली असल्यास पुढील अभ्यासक माशी तपासून ती दुरुस्त करू शकतो. स्थळ व दिवस मात्र माशीच्या अंगावर लिहिलेले नसतात. चिठ्ठीवर नुसते 'आल्प्स' असेल, तर माशी दरीत धरली की शिखराजवळ, हे कळण्यास मार्ग उरत नाही. आणि वाढत्या उष्म्यामुळे डोंगरी कीटक वर सरकत आहेत काय, हे तपासताना नेमकी उंचीच हवी असते.

विद्यार्थ्याने कीटक आणल्यास त्याच दिवशी चिठ्ठी लिहवून घ्यावी. शक्यतो शिसपेन्सिलीने, कारण पावसाळ्यात शाई पसरते.