शांताबाई सांगत गेल्या

नाशिकरोड स्टेशन आणि नाशिक गाव यांच्यात आठ-नऊ किलोमीटरचं अंतर आहे. सभेला यायचं असो की अधिवेशनाला जायचं असो, रेल्वेने प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्याला हे अंतर कापावंच लागे. नाशिकच्या खडकाळीत वाढलेल्या आंबेडकरी कार्यकर्त्या शांताबाई दाणी यांचं आयुष्यही असंच वाटेवर गेलं. ‘रात्रंदिन आम्हा’ या त्यांच्या आत्मकथनाचं नाव तुकोबांच्या अभंगावरून घेतलेलं आहे.

शांताबाईंची पहिली शिकवण मात्र सभेतली नव्हती. लहानपणी वडिलांबरोबर त्या ओळखीच्या सवर्ण घरी जेवायला गेल्या, तेव्हा पानं वाढली गेली ती गोठ्यात. आपल्याला आत का बसवलं नाही, हा मुलीचा प्रश्न होता. मुलीने शिकावं असा आईचा ध्यास होता. पुढे शांताबाई शिकल्या, शिक्षिका झाल्या. दादासाहेब गायकवाडांनी त्यांना बाबासाहेबांच्या चळवळीत आणलं आणि त्या तिच्याच होऊन गेल्या.

त्या काळात बायांच्या सभा कशा होत, हे जाणून घ्यायचं तर नागपूरकडे पाहावं. 20 जुलै 1942 रोजी तिथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे आणि हजारो बाया जमल्या होत्या. ठराव वाचले की आजही थांबायला होतं: बायकोला काडीमोड घेण्याचा हक्क हवा, पुरुषाने एकीच्या जोडीला दुसरी करू नये, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा मिळावी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर पंधरा रुपये पेन्शन मिळावं. मंदिरप्रवेश आणि पाणवठ्याच्या लढ्यात उतरलेल्या समाजातल्या बाया इथे थेट पगाराचं, रजेचं आणि नवऱ्याचं बोलत होत्या. बिऱ्हाडात काय चाललंय ते बाईला बोलतं केल्याशिवाय असले ठराव कागदावर उतरत नाहीत.

6 डिसेंबर 1964 ला रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या आणि बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यांत अंगावरची मुलं घेऊन गेलेल्या बायाही होत्या. शांताबाईही या लढ्यात उतरल्या. नंतर 1968 ते 1974 त्या विधान परिषदेत होत्या. मुलींनी शिकावं म्हणून नाशिकला रमाबाई आंबेडकर विद्यार्थिनी वसतिगृह उभं राहिलं, तेही त्यांच्याच खटपटीतून.

बाईला बोलतं करायचं तर आधी ऐकावं लागतं, आणि ऐकण्याची ही गोष्ट आणखी एका पुस्तकात भेटते. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या ग्लोरिया स्टायनेम यांनी 2015 मध्ये आपल्या भटकंतीच्या आठवणी लिहिल्या. लोकांमध्ये बसून आधी ऐकायचं, हा धडा त्या भारतात शिकल्या. 1950च्या दशकाच्या अखेरीस त्या इथे आल्या होत्या, तेव्हा तमिळनाडूतल्या रामनाडमध्ये जातीय दंगल पेटली होती. गांधीवादी कार्यकर्त्यांबरोबर त्या गावोगाव पायी फिरल्या. म्हणजे ज्या आगीत शांताबाईंसारख्यांचं बालपण गेलं, तिच्याच एका वणव्यात परदेशातून आलेल्या तरुणीने ऐकायचं कसं ते पाहिलं. ही गोष्ट मनात ठेवून दोघींची पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. स्टायनेमबाईंनी आपलं पुस्तक स्वतः लिहिलं. शांताबाईंचं आत्मकथन त्यांनी सांगितलं आणि भावना भार्गवे यांनी शब्दबद्ध केलं. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी ऐकणाऱ्या बाईचं ऐकायला शेवटी कुणीतरी समोर बसलं, हे मला या पुस्तकाचं फार मोलाचं वाटतं.

असंच ऐकायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव हिंडल्या. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून, भेटून, बोलतं करून त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. ते 1989 साली आलं. पुढे वंदना सोनाळकर यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. मोर्च्यात चाललेल्या, तुरुंगात भाकरी खाल्लेल्या कितीतरी बायांची नावं या पुस्तकामुळेच आपल्यापर्यंत पोचली. मराठीतल्या चळवळीच्या इतिहासांमध्ये याचं स्थान फार वरचं आहे, आणि त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा अजूनही होत नाही.

या साऱ्याच्या कितीतरी आधी, 2 मार्च 1930 ला, नाशिकमध्येच गोदावरीपलीकडे पंचवटीत काळाराम मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली आणि तो पाच वर्षं चालला. त्यातही बाया होत्या. त्या दिवशी दहा वर्षांची असलेली पोर आज हयात असती, तर तिने शंभरी कधीच ओलांडली असती. खडकाळीतली शांता तेव्हा अशीच दहा-अकरा वर्षांची होती. तिचं सांगणं पुस्तकात उतरलं. तिच्या आळीतल्या बाकीच्या पोरींना मात्र कुणी विचारायला गेलं नाही.