मनाची राखण : ख्रिस्ती साधनेतील एका संकल्पनेचा शब्दार्थविचार

इगतपुरी तालुक्यातील घोटी हे भाताच्या व्यापाराचे गाव. आषाढात लावणी होते, पुढे पीक पोटरीला येऊन निसवते, आणि दाण्यात दूध भरू लागले की पाखरांचे थवे खाचरांवर उतरू लागतात. या दिवसांत शेतकऱ्याला जे काम करावे लागते त्याला मराठीत 'राखण' हा नेमका शब्द आहे. राखण करणाऱ्याला पाखरांचे आकाश बंद करता येत नाही. ती लोंबीवर बसून दाणा टिपणार नाहीत, एवढेच पाहणे त्याच्या हाती असते.

'राखण' हा शब्द संस्कृत 'रक्षण' पासून प्राकृत 'रक्खण' च्या द्वारे आला, हे उघड आहे. परंतु तत्सम 'रक्षण' आणि तद्भव 'राखण' यांच्या अर्थच्छटा आज एक नाहीत. 'रक्षण' संकटसमयी करावयाचे असते; 'राखण' रोजची, कंटाळवाणी, जागे राहून करावयाची असते. शिवाय 'राखणे' या क्रियापदात जपणे व टिकवून धरणे हाही अर्थ आहे. आपण मान राखतो, शब्द राखतो, इभ्रत राखतो. ख्रिस्ती साधनेत स्वतःच्या विचारांवर लक्ष ठेवण्याचे जे आध्यात्मिक युद्ध सांगितले आहे, त्याचे स्वरूप 'निग्रह' या शब्दापेक्षा 'राखण' या शब्दाने अधिक यथार्थ कळते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. प्रश्न केवळ पर्यायी शब्दाचा नाही. मनात विचार येणे आणि पाप घडणे यांत जो भेद करीत नाही, तो भाविक हळूहळू स्वतःविषयी निराश होतो. आणि त्याची ही निराशा पुष्कळदा शब्दाच्या चुकीच्या अर्थातूनच जन्म घेते.

घोटीच्या आसमंताला मनाचा हा विचार नवा नाही. उत्तरेस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. नाशिकजवळच्या टाकळीस समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली, आणि पुढे २०५ श्लोकांत मनालाच समोर बसवून उपदेश केला. विवाहवेदीवरील 'सावधान' हा शब्द ऐकताच ते उठून गेले, अशी परंपरागत कथा आहे. पश्चिमेस इगतपुरीला १९७६ साली धम्मगिरी येथे विपश्यनेचे केंद्र सुरू झाले. आणि नाशकास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. मनाकडे पाहण्याच्या इतक्या रीती ज्या प्रदेशात शेजारी शेजारी नांदतात, तेथे ख्रिस्ती रीतीचे वेगळेपण कशात आहे, हे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम मूळ शब्दांकडे वळू. पौलाच्या पत्रांत या विषयाला धरून दोन स्थळे विशेष महत्त्वाची आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो युद्धाची भाषा वापरतो. तटबंद्या पाडणे आणि प्रत्येक विचाराला बंदिवान करून ख्रिस्ताच्या आज्ञेत आणणे, हे आपले कार्य असल्याचे तो सांगतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मात्र तो म्हणतो की देवाची शांती तुमच्या अंतःकरणांचे व विचारांचे रक्षण करील. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही ठिकाणी 'विचार' या अर्थी मूळ ग्रीक शब्द एकच आहे, 'नोएमा'. एका ठिकाणी विचार हा पकडावयाचा शत्रू आहे; दुसऱ्या ठिकाणी तोच राखावयाचे नगर आहे. दुसऱ्या स्थळीचे 'फ्रौरेओ' हे क्रियापद लष्करी आहे. नगराच्या वेशीवर पहारा बसविणे, हा त्याचा अर्थ. दमास्कसमध्ये आपल्याला पकडण्यासाठी राजाच्या अधिकाऱ्याने नगरावर पहारा ठेवला होता, हे सांगताना पौलाने हेच क्रियापद योजिले आहे. या दोन स्थळांना एकत्र वाचले म्हणजे असे दिसते की ख्रिस्ती साधनेचे वैर विचारशक्तीशी नाही. ती शक्ती कोणाच्या ताब्यात जाते, यासाठी हे युद्ध आहे.

चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी या युद्धाचे सूक्ष्म निरीक्षण केले. त्यांतील इव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) याने साधकाला त्रास देणारे आठ 'लोगिस्मोई' म्हणजे विचार मोजले. खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खेद, क्रोध, 'अकेडिया' नावाची साधनेविषयीची मरगळ, कीर्तीची हाव आणि गर्व, असे ते आठ होत. पुढे कॅसियनने ही गणना पश्चिमेकडे नेली, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिला सात मूळ पापांचे रूप दिले. मराठी वाचकाला येथे आपल्या षड्रिपूंचे स्मरण होईल. काम, क्रोध, लोभ दोन्ही याद्यांत आहेत. परंतु नामकरणातील भेद अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे ते 'रिपू' आहेत. इव्हाग्रिअसच्या मूळ गणनेत ते अद्याप केवळ 'विचार' आहेत. ग्रेगरीच्या यादीत ते 'पाप' झाले, आणि विचार व पाप यांच्यामधील जागा, जिथे साधकाला काही करता येते, ती सामान्य श्रोत्याच्या दृष्टीआड झाली.

इव्हाग्रिअसला ती जागा स्पष्ट दिसत होती. हे विचार आत्म्याला त्रास देतात की नाही हे आपल्या हाती नाही. ते आपल्यात रेंगाळतात की नाही हे आपल्या हाती आहे, असा त्याचा सिद्धांत आहे. त्याच परंपरेतील पोइमेन या वृद्धाची एक आख्यायिका आहे. मनात फार विचार येतात अशी तक्रार घेऊन आलेल्या शिष्याला त्याने बाहेर उभे करून वस्त्रात वारा धरावयास सांगितले. शिष्य म्हणाला, हे शक्य नाही. तेव्हा गुरू उत्तरला की विचारांचे येणे थांबविणेही तसेच अशक्य आहे. तुझे काम त्यांना विरोध करण्याचे. पुढे सातव्या शतकात सिनाई पर्वतावरील योहान क्लिमाकस याने या मधल्या जागेच्या पायऱ्याच सांगितल्या. प्रथम विचाराची चाहूल लागते. मग मन त्याच्याशी बोलू लागते. मग त्याला संमती देते. मग विचार मनाला बंदिवान करतो. त्याच्याशी झुंज चालते. आणि अखेरीस तो अंगवळणी पडून विकार होतो. पहिल्या पायरीत दोष मुळीच नाही. दोष संभाषणापासून दिसू लागतो आणि संमतीत पक्का होतो. वाचकांच्या लक्षात येईल की 'बंदिवान' ही पौलाचीच प्रतिमा येथे उलटी झाली आहे. माणसाने विचाराला धरले नाही, तर विचार माणसाला धरतो.

या जागरूकतेला पूर्वेकडील मठपरंपरेत 'नेप्सिस' असे नाव आहे. नशेत नसणे, शुद्धीवर असणे, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत याला 'सावधपणा' हा शब्द चांगला जुळतो, कारण अवधानासह असणारा तो सावध. दडपण्याची कल्पना दोन्ही शब्दांत नाही.

ही परंपरा मराठी मुलखात आली ती प्रामुख्याने येशूसंघीयांबरोबर. त्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. रोज दोन वेळा आत्मपरीक्षण करणे आणि मनातील प्रेरणांचे मूळ ओळखणे, हा त्या साधनेचा कणा आहे. इग्नेशियस पूर्वायुष्यात सैनिक होता. शत्रू हा किल्ल्याभोवती फिरून तटाची कच्ची बाजू हेरणाऱ्या सेनापतीसारखा असतो, असा दृष्टांत तो देतो. विचार तीन प्रकारचे असतात, एक माझ्या इच्छेतून उठणारा, आणि दोन बाहेरून, चांगल्या व वाईट आत्म्यांकडून येणारे, असेही तो मानतो. १६१६ मध्ये राचोल येथे ज्यांचे 'ख्रिस्तपुराण' मुद्रित झाले, ते फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तचरित्र सांगणारा हा लेखक या आत्मपरीक्षणाच्या शिस्तीत वाढलेला होता. अरण्यातील परीक्षेचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. सैतानाने ख्रिस्तासमोर तीन वेळा विचार ठेवला. ख्रिस्ताने तो ऐकला आणि परतविला. मोहाचा विचार समोर येणे हेच जर पाप असते, तर निष्पाप ख्रिस्ताच्या चरित्रात या प्रसंगाला स्थानच उरले नसते.

'निग्रह' शब्दाची अडचण आता ध्यानी येईल. तो थोर शब्द आहे आणि त्यामागे योगशास्त्राची मोठी परंपरा आहे. तथापि व्यवहारातील मराठीत 'मनोनिग्रह' म्हणजे विचार दाबून टाकणे, असा अर्थ रूढ झाला आहे. केवळ दाबण्याने काय होते हे आधुनिक मानसशास्त्रानेही दाखविले आहे. डॅनियल वेग्नर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते, आणि तो आलाच तर घंटा वाजवावयाची होती. घंटा वाजत राहिली. आणि पुढे विचार करण्याची मुभा मिळताच, आरंभापासून मुभा असलेल्यांपेक्षा अधिक वेळा वाजली. पंडिता रमाबाईंनी ग्रीक व हिब्रू शिकून बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर केले, त्यामागे हीच भाषिक जाणीव होती. रूढ भाषांतरातील पंडिती शब्द आपल्याबरोबर वेगळा अर्थ आणतात आणि सामान्य स्त्रियांना ते कळत नाहीत, असे त्यांचे मत होते.

या राखणीचे मराठी उदाहरण नाशिक जिल्ह्याशी नाते असलेल्या एका घरातच सापडते. नारायण वामन टिळक यांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना ओढले ते डोंगरावरील प्रवचनाने. क्रोधाला हत्येच्या आणि अभिलाषेच्या दृष्टीला व्यभिचाराच्या पंक्तीस बसविणारे, म्हणजे कृतीचा न्याय मनापर्यंत नेणारे, हेच ते प्रवचन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' मधील टिळक त्यानंतरही तेच उतावीळ, उदार आणि तापट गृहस्थ आहेत. पाखरे येतच राहिली. राखण जन्मभर करावी लागली. अनुतापी टिळक रागावणाऱ्या टिळकांच्या पाठोपाठ येतात, हे त्या पुस्तकाच्या वाचकाला ठाऊक आहे.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. नाशिकजवळच्या जलालपूरची ही कन्या पतीकडे परतल्यावरही सोवळेओवळे कसोशीने पाळीत होती. मग एकदा जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिच्या मनात उठला. तिने तो झटकून टाकला नाही. त्याला समोर बसविले, उलटसुलट तपासले, आणि भेद माणसाचा आहे असे ठरताच आचार बदलला. राखणदाराचे काम हाकलण्याइतकेच ओळखण्याचे असते. दाराशी येणारा प्रत्येक जण चोर मानला, तर यजमानही बाहेरच राहील. उलट, घरात पूर्वीपासून मानाने बसलेला एखादा विचारच परका निघू शकतो.

आता शेजारच्या परंपरांशी असलेला भेद मांडता येईल. विपश्यनेत साधक संवेदना समतेने पाहतो आणि त्यांच्या अनित्यतेची प्रचीती घेतो. त्या कोणाकडून आल्या हा प्रश्न तेथे नाही. समर्थ मनाला सज्जन मानून समजावतात. तेथे संवाद साधक आणि मन या दोघांचा आहे. ख्रिस्ती साधनेत तिसरा पक्ष आहे. विचार कोणाचा आणि तो मला कोठे नेतो, हे विचारावयाचे असते, आणि निवाडा मी एकट्याने करावयाचा नसतो. म्हणूनच वाळवंटातील शिष्य आपले विचार वृद्धांना उघड करून सांगत, आणि इग्नेशियसही शत्रूला गुप्तता प्रिय असते असे बजावतो. येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. ही राखण स्वतःच्या शेताची असते. दुसऱ्याच्या मनावर पहारा बसविण्याचा अधिकार जेव्हा एखादी व्यक्ती वा संस्था घेऊ लागते, तेव्हा लक्ष्मीबाईंनी विचारला तसा प्रश्न उठण्यापूर्वीच हाकलला जातो.

शेवटी पौलाच्या दुसऱ्या वाक्याकडे पुन्हा यावे लागते. त्यात पहारा करणारा साधक नाही. व्याकरणदृष्ट्या कर्ता 'देवाची शांती' आहे. जागे राहावयाचे ते माणसाने, परंतु नगर राखावयाचे ते दुसऱ्याने, असा हा विभाग आहे. नाशिकच्या वसाहतीला 'शरणपूर' हे नाव मिळाले, त्यातील 'शरण' या शब्दात हाच अर्थ आहे. मराठी भाविकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या मनातील विचारांनी भयभीत होऊन कोणी विद्यार्थी वा श्रोता आपणाकडे आला, तर विचार का आला असे त्याला विचारू नये. तो कोठे बसला, एवढेच विचारावे. घोटीच्या बांधावर राखणीला बसलेल्या माणसाला पाखरू दिसले म्हणून पीक गेले, असे कधी वाटत नाही.