संशोधनाची वेबसाइट नक्की कुणासाठी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मधुमेहाच्या ओपीडीत एक आजोबा नातवाला घेऊन आले. त्यांचा मधुमेह जुना, पायांना मुंग्या, तळव्यांना बधीरपणा. मधुमेही रुग्णांच्या पायांची काळजी या विषयावर आमच्या विभागाचं एक छोटं संशोधन सुरू होत होतं. त्यात सहभागी व्हाल का, असं आधीच्या भेटीत त्यांना विचारलं होतं. ‘घाई नाही, घरी विचार करा, वेबसाइटवर सगळी माहिती आहे,’ असं सांगून पत्ता छापलेली चिठ्ठी हातात दिली होती.

नातवानं मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, ‘‘मॅडम, आम्ही दोघांनी सगळं वाचलं. पण आजोबांचं एकच विचारणं आहे. मध्येच नको वाटलं आणि सोडलं, तर इथली औषधं बंद होतील का?’’

उत्तर वेबसाइटवर होतं. तिथल्या पीडीएफ फाइलच्या नवव्या पानावर होतं आणि ते असं होतं : ‘सहभागी व्यक्तीने कोणत्याही टप्प्यावर सहभाग मागे घेतल्यास तिच्या प्रमाणित उपचारांवर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.’ मी आजोबांना म्हटलं, ‘‘औषधं कधीच बंद होणार नाहीत. हो म्हणा, नको म्हणा, मध्येच सोडा.’’ आजोबांचा चेहरा सैल झाला. नातू मात्र म्हणाला, ‘‘मग हे एवढंच वर लिहायचं ना, मॅडम!’’

ती वेबसाइट कशी असावी हे ठरवणाऱ्यांत मीही होते. पहिल्या पानावर रुग्णालयाच्या इमारतीचा फोटो, खाली संशोधकांची नावं आणि पदव्या, त्याखाली ‘उद्दिष्टे’. ज्याच्या पायाबद्दल हे सगळं होतं, तो माणूस पहिल्या पानावर कुठेच नव्हता. पान आम्ही स्वतःसाठीच बनवलं होतं.

संमती घरातून सुरू होते

वैद्यकीय संशोधनात ‘माहितीपूर्ण संमती’ हा शब्द फार मोठी किंमत मोजून आला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांमध्ये डॉक्टरांनी कैद्यांवर प्रयोग केले. त्यांच्यावरच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेम्बर्ग संहिता आली. १९६४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा आला. तरीही अमेरिकेतल्या टस्कीगी इथं १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर चाललेला अभ्यास १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून उघड होईपर्यंत थांबला नाही. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराबद्दल खरं सांगितलं गेलं नाही. पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार उपलब्ध झाल्यावरही तो दिला गेला नाही. ‘सहभागी माणसाला काय कळलं?’ हा प्रश्न म्हणूनच औपचारिक नाही.

आपल्याकडे पूर्वी ही संमती ओपीडीतल्या टेबलावर व्हायची. डॉक्टर समजावायचे, रुग्ण सही किंवा अंगठा द्यायचा. आता रुग्ण घरी जातो, मुलीला विचारतो, शेजारचा शिकलेला मुलगा मोबाइलवर पान उघडून वाचून दाखवतो. म्हणजे संमतीची सुरुवात त्या पानावर होते. म्हणूनच सहभागींसाठीचा मजकूर, मग तो भिंतीवरचा कागद असो की वेबसाइट, नैतिकता समितीनं आधी तपासायचा असतो. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक तरी सामान्य नागरिक असावा लागतो. ‘हे मला समजत नाही’ असं म्हणण्याचा हक्क बजावणारं कुणीतरी खोलीत हवं, हा त्यामागचा विचार.

रांगेतल्या लोकांनी शिकवलं

आम्ही वेबसाइट पुन्हा लिहायला घेतली. या वेळी एक साधी गोष्ट केली. कच्चं पान ओपीडीबाहेर केसपेपरच्या रांगेत बसलेल्यांना मोबाइलवर दाखवलं आणि विचारलं, ‘‘यातून तुम्हाला काय कळलं?’’ ‘कळलं का’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. ‘काय कळलं’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

पहिला अडथळा शब्दांचा. सहभागींचे दोन गट होते. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला तोच सल्ला आणि शिवाय पाय तपासायची आठवण करून देणारा फोन. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टर ठरवत नाही, संगणक ठरवतो. याला आम्ही ‘यादृच्छिक विभागणी’ लिहिलं होतं. रांगेत तो शब्द कुणालाही कळला नाही. ‘चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं’ म्हटल्यावर लगेच कळलं. एका काकूंनी तर पुढचा प्रश्नही विचारला : ‘‘म्हणजे तुम्हालाच माहीत नाही कुठलं चांगलं ते?’’ बरोबर! माहीत असतं तर संशोधन कशाला केलं असतं? हे वाक्य आम्ही पानावर घेतलं. अनेकांना वाटतं, संशोधनात गेलो की जास्त चांगला उपचार मिळणार. तो गैरसमज दूर करणं ही संशोधकाची जबाबदारी आहे, मग भरती कमी झाली तरी चालेल.

दुसरा अडथळा अर्जाचा. लक्षणांच्या यादीत ‘जळजळ’ असा शब्द होता, पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. यादीच्या वर ‘पायांविषयी’ असं शीर्षक होतं, पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर खाली सरकताना ते दिसेनासं व्हायचं. मग लोक पोटातल्या, छातीतल्या जळजळीचं उत्तर द्यायचे. अशी उत्तरं हजारात जमली असती तरी त्यांचा उपयोग शून्य. आता प्रत्येक प्रश्न पूर्ण वाक्यात आहे : ‘तुमच्या तळपायांची जळजळ होते का?’

तिसरा अडथळा जन्मतारखेचा. आपल्या राज्यातल्या कितीतरी ज्येष्ठांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. अर्जात जन्मतारीख सक्तीची केली की दिसायला अगदी अचूक, पण प्रत्यक्षात खोटी माहिती जमा होते. आम्ही ‘अंदाजे वय’ विचारू लागलो. लाल फुलीचे सक्तीचे रकानेही कमी केले. रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नसेल, तर माणूस वजनाच्या जागी शून्य टाकतो आणि सुटतो. संशोधनात ‘माहीत नाही’ हेही एक प्रामाणिक उत्तर असतं, त्याला जागा हवी.

चौथा अडथळा एकाच मोबाइलचा. आपण गृहीत धरतो की फोन म्हणजे त्या माणसाचा खासगी फोन. अनेक घरांत तो मुलाचा असतो, सुनेकडे असतो, कधी शेजाऱ्याचा नंबर दिलेला असतो. मधुमेहाबाबत एक वेळ चालेल. पण क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार किंवा वंध्यत्वाच्या संशोधनाचा संदेश आजाराच्या नावासकट त्या फोनवर गेला तर? म्हणून संदेशात आजाराचं नाव नको, आणि फोन नक्की कुणाकडे असतो हे आधी विचारायला हवं. नाव-पत्ता एकीकडे आणि तपासण्यांची माहिती दुसरीकडे, फक्त सांकेतिक क्रमांकानं जोडलेली, अशी व्यवस्था हवी.

एक अर्धवट वाक्य

सर्वांत मोठा धडा मात्र एका चुकीतून मिळाला. पुढच्या भेटीची सूचना आम्ही वेबसाइटवर टाकली होती : ‘रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी यावे.’ एक बाई सकाळी नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेऊन, काहीही न खाता, एसटीनं दोन तास प्रवास करून आल्या. रांगेत त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले. रक्तातली साखर खाली गेली होती. सिस्टरनी लगेच ग्लुकोज दिलं, थोड्या वेळात त्या सावरल्या. सूचना त्यांनी तंतोतंत पाळली होती. चूक आमच्या वाक्यात होती. ‘सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका. सोबत आणा. रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्या,’ एवढं आम्ही लिहायला हवं होतं. संशोधनाच्या वेबसाइटवरचं वाक्य हे डॉक्टरनं दिलेल्या सल्ल्याइतकंच जोखमीचं असतं, हे त्या दिवशी मनावर कोरलं गेलं.

आणखी एक गोष्ट. वेबसाइट कितीही चांगली केली, तरी ती स्मार्टफोनवाल्यांपर्यंतच पोहोचते. शेतात अनवाणी चालणारी, फोन नसलेली म्हातारी तिथे येणार नाही, आणि पायाला जखम होण्याचा धोका तिलाच जास्त. फक्त वेबसाइटवरून माणसं घेतली तर निष्कर्ष शहरी, शिकलेल्या, तुलनेनं सुस्थितीतल्या लोकांचे निघतील आणि आपण ते सगळ्यांना लावू. म्हणून कागदी अर्ज आणि समोरासमोरचं बोलणं आम्ही सोडलं नाही.

साधेपणाची ताकद

साधेपणानं काय साधतं याचं माझ्या डोळ्यांपुढचं उदाहरण ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचं आहे. मार्च २०२० मध्ये, कोविडची लाट चढत असताना ती सुरू झाली. वॉर्डातल्या थकलेल्या डॉक्टरांना लांबलचक अर्ज भरणं शक्य नव्हतं. म्हणून रुग्णाची संमती घ्यायची, ऑनलाइन एक छोटा अर्ज भरायचा, की संगणक गट सांगणार. त्यानंतर रुग्ण घरी गेला, दगावला किंवा २८ दिवस झाले, की आणखी एक अर्ज. चाचणीचा आराखडा, संमतीपत्र, प्रशिक्षणाचं साहित्य हे सगळं कुणालाही पाहता येईल अशा वेबसाइटवर होतं.

१६ जून २०२० रोजी या चाचणीनं डेक्सामेथासोनचा निष्कर्ष जाहीर केला. तोवर १७५ हून अधिक रुग्णालयांतले साडेअकरा हजारांहून जास्त रुग्ण त्यात सामील झाले होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले सुमारे एक पंचमांशानं कमी झाले होते. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. डेक्सामेथासोन हे आमच्या सरकारी रुग्णालयांच्या कपाटात वर्षानुवर्षं असलेलं, स्वस्तातलं औषध. ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे त्या वेळी कळणं किती मोलाचं होतं, ते कोविड वॉर्डात काम केलेला कुणीही सांगेल. अर्ज आणि वेबसाइट वापरायला सोप्या नसत्या, तर इतक्या कमी दिवसांत इतके रुग्ण जमलेच नसते.

तुम्हाला कुणी विचारलं तर

वाचकहो, तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला एखाद्या संशोधनात सहभागी व्हायला सांगितलं, तर संकोच न करता काही गोष्टी विचारा. हे कशासाठी आहे? माझ्यावर नेहमीपेक्षा वेगळं काय होणार? धोका काय? मध्येच सोडलं तर माझ्या उपचारांचं काय? इजा झाली तर जबाबदारी कुणाची? माझी माहिती कोण पाहणार? आणि शेवटी निघालेला निष्कर्ष मला कोण सांगणार?

औषधाची चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय क्रमांक मागा. ही आपली राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली. औषधांच्या चाचण्यांसाठी नोंदणी जून २००९ पासून बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते. तिथली माहिती इंग्रजीत असली तरी कुणालाही मोफत पाहता येते. चाचणी कोण करतं, पैसा कुणाचा, काय मोजणार, कुणाशी संपर्क साधायचा, हे सगळं तिथे असतं. ‘काय मोजणार’ हे आधीच लिहून ठेवल्यामुळे निकाल मनासारखा आला नाही म्हणून नंतर फूटपट्टी बदलता येत नाही.

त्या यादीतल्या शेवटच्या प्रश्नात आम्ही डॉक्टर सर्वांत कमी पडतो. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापला की आमचं काम संपतं. ज्यानं बोट पुढे करून रक्त दिलं, त्याला काहीच कळत नाही. आमच्या नव्या पानावर ‘निष्कर्ष’ नावाची एक जागा आहे. सध्या तिथे ‘काम सुरू आहे’ एवढंच लिहिलं आहे. निकाल आला की तो आधी तिथे, साध्या मराठीत लिहायचा, असं आम्ही ठरवलं आहे. फोनच्या आठवणीचा काहीही उपयोग झाला नाही असं निघालं, तरी तेही लिहायचं.

आता त्या पानावर इमारतीचा फोटो नाही. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत तीन ओळी आहेत : ‘सहभागी व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. कधीही सोडता येईल. तुमची औषधं कधीच बंद होणार नाहीत.’

आजोबांनी त्या ओळी वाचल्या, नातवाशी बोलले, आणि नको म्हणाले. दर महिन्याला वेगळी फेरी मारणं त्यांना जमणार नव्हतं. पुढच्या महिन्यात ते नेहमीप्रमाणे आले, रांगेत बसले आणि औषधं घेऊन गेले.