मोहाच्या तेलात पामतेल कसे सापडते?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ओळखीचे असलेले मोहाच्या बियांचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. पण थिजले म्हणजे शुद्ध, असे मानता येत नाही, कारण पामतेलही थिजते. स्वस्त तेलाची अशी भेसळ रंगावरून किंवा वासावरून क्वचितच कळते. ती प्रयोगशाळेतच उघडी पडते.

कोणतेही खाद्यतेल म्हणजे मुख्यतः ग्लिसरॉलला जोडलेली स्निग्धाम्ले. त्यांचे प्रमाण वनस्पतीगणिक वेगळे असते आणि तपासणीचा सारा आधार या फरकावर आहे. जुनी आणि स्वस्त चाचणी आयोडीन मूल्याची. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, यावरून त्यातल्या द्विबंधांचा अंदाज येतो. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या नारळाच्या तेलाचे हे मूल्य जेमतेम ७.५ ते १०, मोहाचे साधारण ६० ते ७०, शेंगदाण्याचे ८५ ते ९९ आणि खुरासणीचे ११० च्या पुढे. नारळाच्या तेलात दुसरे बहुतेक कोणतेही तेल मिसळले की आकडा लगेच वर जातो.

मात्र हा एकच आकडा फसवू शकतो. पामोलिनचे मूल्य ५७ च्या आसपास, सोयाबीनचे १३० च्या आसपास. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर सरासरी ९३.५ च्या आसपास येते, म्हणजे थेट शेंगदाणा तेलाच्या मर्यादेत! भेसळ करणाऱ्याला रसायनशास्त्र कळत नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून खरा भरवसा गॅस क्रोमॅटोग्राफीवर. तेलातली स्निग्धाम्ले मिथाइल एस्टरमध्ये बदलून लांब, अतिशय बारीक नळीतून सोडली जातात. प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि आलेखावर त्याचे शिखर उमटते. वर सांगितलेले मिश्रण इथे सुटत नाही, कारण सोयाबीनमधले लिनोलेनिक आम्ल शेंगदाणा तेलात जवळजवळ नसते. मोहाच्या तेलात पामिटिक आणि स्टिअरिक ही दोन्ही आम्ले वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात असतात. पामतेलात मात्र पामिटिक चाळीस टक्क्यांहून अधिक आणि स्टिअरिक पाच टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे पाम मिसळले की एक शिखर चढते, दुसरे उतरते.

पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ वेगळ्या जातीची, कारण ती नुसती लूट नसून विषबाधा आहे. १९९८ मध्ये दिल्लीत अशा मोहरीच्या तेलाने जलशोथाची साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. त्यातले सँग्विनारिन हे विषारी द्रव्य फेरिक क्लोराइडच्या चाचणीत लालसर-तपकिरी सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात दिसते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग केले जातात आणि अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सामान्य ग्राहकालाही विकत घेतलेल्या तेलाची तपासणी शुल्क भरून करवून घेता येते. खरेदीच्या वेळी तसे विक्रेत्याला सांगावे लागते, आणि तेल कायद्याच्या कसोटीला उतरले नाही तर भरलेले शुल्क परत मिळते.