खेळाडूची जागा कशी ओळखावी?

१६ मे १९८० रोजीं फिलाडेल्फिया शहरांत अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलच्या अजिंक्यपदाचा सहावा सामना होता. लॉस एंजेलिस लेकर्स या संघाचा आधारस्तंभ, सात फुटांहून उंच असा करीम अब्दुल-जब्बार, घोटा दुखावल्यामुळें येऊं शकला नव्हता. त्याच्या सेंटरच्या जागीं, म्हणजे टोपलीनजीक खेळणाऱ्याच्या जागीं, उभा राहिला वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन. हा मुळांत पॉइंट गार्ड. चेंडू पुढें आणून खेळाची रचना करणें हें त्याचें काम. त्या रात्रीं त्यानें ४२ गुण मिळविले आणि संघानें अजिंक्यपद पटकाविलें. सहा फूट नऊ इंच उंचीच्या या मुलास केवळ उंची पाहून आरंभापासूनच टोपलीखालीं उभें केलें असतें, तर त्याची दृष्टि व चेंडू देण्याची हातोटी फुलली असती काय, याची आम्हांस शंकाच वाटते.

हा प्रश्न दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. तेथील संघ सामान्यतः जून महिन्यांत पाळीपाळीनें नवे तरुण खेळाडू निवडून घेतात. या निवडीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तत्पूर्वीं शिकागो येथें उमेदवारांचें मोजमाप होतें. अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्यानें बोटें कोठवर पोंचतात तें, उडी किती जाते तें, सर्व कांहीं टिपून ठेवितात. हें व्यर्थ आहे असें नव्हे. हात लांब असले तर उंचीची उणीव पुष्कळ भरून निघते. परंतु मोजपट्टी पाहून जागा ठरवूं लागलें, कीं घोटाळा होतो.

आमच्या मतें परीक्षकानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे. पहिला, चेंडू प्रतिपक्षाकडे असतां हा कोणास अडवूं शकेल? ड्रेमंड ग्रीन पुढच्या फळींतल्या धिप्पाड खेळाडूंच्या मानानें ठेंगणा व चपळांच्या मानानें संथ, असा आक्षेप होता. म्हणून २०१२ सालीं तो थेट ३५ व्या क्रमांकावर गेला. तो पांचही जागांवरील खेळाडूंस अडवूं शकतो, हें मागाहून दिसलें, आणि २०१७ सालीं तो सर्वोत्कृष्ट बचावपटु ठरला. दुसरा, चेंडू हातीं येतांच हा काय करतो? २०१४ सालीं ४१ व्या क्रमांकावर निवडलेला निकोला योकिच सेंटर खरा, परंतु अख्ख्या संघाचा खेळ त्याच्या हातून रचला जातो. तिसरा, याची वाढ पुरी झाली आहे काय? यानिस अंटेटोकुंपो २०१३ सालीं १५ व्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हां अठरा वर्षांचा होता, आणि त्यानंतरही त्याची उंची वाढली.

उलट उदाहरण आपल्या पंजाबांतील सतनाम सिंगचें. २०१५ सालीं डॅलस मॅव्हरिक्स संघानें त्यास ५२ व्या क्रमांकावर निवडलें; भारतांत जन्मून हा मान मिळविणारा तो पहिलाच. उंची सात फूट दोन इंच, त्यामुळें जागेविषयीं संशयच नव्हता. परंतु एव्हांना दुरून नेम मारण्याचा प्रघात वाढला होता, आणि सेंटरलाही टोपली सोडून चपळ गार्डांमागें धांवावें लागत होतें. त्या प्रमुख स्पर्धेंतील एकही सामना त्याच्या वांट्यास आला नाहीं. उंचीनें दार उघडलें. आंत टिकावयास उंची पुरत नाहीं.

एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचें पुढील सारें आयुष्य पुष्कळदां अशा एका शिक्क्यावर अवलंबून असतें. शिक्का मारणारे मात्र चुकले तरी पुढील वर्षीं नवा मुलगा निवडावयास मोकळे! आपल्या घरांतही ‘हा इंजिनिअर, हा कारकून’ असें वडीलधारी मंडळी लौकरच ठरवून टाकतात. मुलगा काय करतो तें चार दिवस नीट पाहावें आणि मग त्याची जागा सांगावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.