नाण्यांच्या खरेदीत भाव फिरला तर

कारंजा लाड हे गाव कापसाच्या बाजाराकरिता साऱ्या वऱ्हाडात नावाजलेले. आपल्या देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ याच गावी १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने सुरू झाली, आणि १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा सरकारचा त्यातला हेतू होता, हे उघड आहे. पण ज्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव करीत आणि शेतकरी बिचारा बाजूला तोंडाकडे बघत उभा राही, तिथे भाव चारचौघांत बोलला जावा हा विचार या व्यवस्थेबरोबर रुजत गेला. आणि तरीही, यार्डात बोली एक लागते अन् जिनात गाडी रिकामी होताना ‘कापूस ओला निघाला, दोनशे कमी’ हे ऐकावे लागते, ही गोष्ट या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

आज बोलायचे आहे ते कापसाविषयी नव्हे, जुन्या नाण्यांविषयी. पण दुखणे तेच आहे. खेड्यापाड्यांतून नाण्यांचा छंद आता बराच पसरला आहे. शिवराई, भोकाचा पैसा, राणीछाप नि राजाछाप रुपये मुले हौसेने जमवतात. पुष्कळ शाळांतून गुरुजी इतिहासाच्या तासाला ती दाखवतात. समजा, एका गुरुजींनी मुलांच्या वर्गणीतून १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्यायचे ठरवले. या रुपयाची एक मौज आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली, पुढच्या वर्षी चित्र सुधारले आणि टांकसाळीने बरीच नाणी वितळवली. म्हणून त्याला मागणी. शहरातला व्यापारी फोनवर एक भाव सांगतो, गुरुजी हो म्हणतात. रविवारी दोन एस.टी. बदलून दुकानी पोचतात, तर भाव दोनशेने वाढलेला! खिशात मोजके पैसे, इकडे मुले वाट बघत बसलेली. अशा वेळी काय करावे?

पहिल्याने हे पाहावे की भाव खरोखर ठरला होता का. सांगितलेला भाव आणि ठरलेला भाव यांत फार अंतर आहे, बरं का! काचेच्या कपाटातली चिठ्ठी, छापील यादी, मोबाइलवर आलेले चित्र आणि त्याखालचा आकडा, हे सगळे गिऱ्हाइकाला दिलेले आमंत्रण असते. त्यावरून तुम्ही घेतो म्हणता तो तुमचा प्रस्ताव, आणि व्यापारी दिले म्हणतो तेव्हा करार होतो. कूर्गमधील एका बंगल्याच्या व्यवहारात मालकाने दहा हजारांखाली घेणार नाही असे कळवले. घेणाऱ्याने तेवढे कबूल केले, तरी बंगला दुसऱ्याला गेला. प्रकरण दिल्लीपर्यंत पोचले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकाने केवळ किंमत कळवली होती, विकण्याचे वचन दिले नव्हते. तेव्हा यादीतला भाव दुकानात वाढलेला दिसला तर व्यापाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. घ्यायचे तर घ्यावे, नाहीतर रामराम करून उठावे.

मात्र दोघांचा होकार झाला असेल तर गोष्ट वेगळी. आणि तो होकार कागदावरच पाहिजे असे नाही. या बाबतीतला एक नामांकित खटला आपल्या शेजारच्याच खामगावचा आहे. १९५९ साली अहमदाबादचा व्यापारी आणि खामगावची एक गिरणी यांच्यात सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर झाला, आणि माल न मिळाल्याचा दावा झाला. करार झाला कुठे, खामगावला की अहमदाबादला, असा वाद. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फोनवरचा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादला. पत्राची रीत याहून निराळी आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, व्यापाऱ्याने पत्राने ठराविक नाणे ठराविक भावाने देऊ केले आणि तुम्ही होकाराचे पत्र टाकले, की ते पेटीत पडल्या क्षणापासून व्यापारी बांधला जातो. त्याआधी तो आपला शब्द मागे घेऊ शकतो.

शिवाय १९३० चा मालविक्रीचा कायदा असे म्हणतो की ओळख पटलेली, द्यायला तयार असलेली एखादी वस्तू विनाअट विकली गेली, तर करार होताच ती घेणाऱ्याच्या मालकीची होते. पैसे वा ताबा पुढे द्यायचा असला तरी हरकत नाही, दोघांचा बेत निराळा नसला म्हणजे झाले. म्हणूनच नाण्याची ओळख नीट पटवावी. ‘एक राजाछाप रुपया’ एवढ्याने भागत नाही. साल, टांकसाळीची खूण, वजन आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागून घ्यावे.

फोनवरचा शब्द खरा असला तरी सिद्ध करणे अवघड. त्याला सोपा उपाय आहे. बोलणे संपताच मोबाइलवरून दोन ओळी पाठवाव्यात: ‘आत्ताच्या बोलण्याप्रमाणे १९११ चा रुपया, चित्रात दाखवलेला, टपालखर्च व कर धरून अमुक रुपयांस मी घेतला. रविवारी येतो.’ समोरून ‘ठीक’ एवढे आले तरी पुष्कळ झाले. टपालखर्च व कर धरून, हे शब्द मुद्दाम घातले आहेत; बहुतेक वेळा भाव याच वाटेने वाढतो. आणि व्यापारी ‘आठ दिवस तुमच्यासाठी ठेवतो’ म्हणाला, तर त्या गोड शब्दावर विसंबू नये. काही न घेता नाणे राखून ठेवण्याचे नुसते वचन त्याला बांधत नाही. थोडा विसार द्यावा, त्याची पावती घ्यावी, आणि सौदा मोडल्यास विसाराचे काय, तेही तिच्यावर लिहवून घ्यावे.

आता प्रत्यक्ष दुकानात भाव फिरला. आवाज चढवू नये. शांतपणे विचारावे, ‘भाऊ, परवा अमुक ठरले होते, मी हो म्हटले होते, आज हे वाढले कशाने?’ आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे.

बहुधा पहिले उत्तर येते, चांदी चढली. हे उत्तर खरेही असू शकते, पण त्याचा हिशेब करता येतो. जुना कलदार रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी बारात अकरा भाग, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. चांदी ग्रॅममागे ५ रुपयांनी चढली तर एका रुपयातल्या चांदीची किंमत साधारण ५३ रुपयांनी वाढते. दोनशे वाढायला चांदी ग्रॅममागे जवळजवळ १९ रुपयांनी, म्हणजे किलोमागे १९ हजारांनी चढायला हवी. ती तशी चढली का, हे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बघून कळते. १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयांत चांदी निम्मीच, म्हणजे ५.८३ ग्रॅम, तिथे वाढही निम्मी. १९४७ चा रुपया तर निकेलचा. त्यावर कुणी चांदीची सबब सांगू लागला तर हसून सोडून द्यावे. अन् हेही ध्यानात ठेवावे की दुर्मिळ नाण्याची किंमत चांदीहून कितीतरी जास्त असते. तिथे चांदीच्या चढउताराने फारसे काही बिघडत नाही. शाळेतल्या मुलांना हा हिशेब फळ्यावर घालून द्यावा, शेकडेवारीपेक्षा त्यात त्यांचे मन अधिक रमेल.

दुसरे उत्तर, ‘दुसरे गिऱ्हाईक जास्त देतेय.’ असेल किंवा नसेल. शब्द झालेला नसेल तर व्यापाऱ्याला ती मोकळीक आहे. झाला असेल तर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी तुमचा संबंध नाही, आणि मोबाइलवरच्या त्या दोन ओळी दाखवाव्यात. पुष्कळ व्यापारी तेवढ्याने वळतात, कारण या धंद्यात गिऱ्हाईक मोजके आणि बोलणारे असते. न वळला तर नवा भाव पटतो का एवढेच पाहावे. परतीच्या भाड्याचा विचार करून वाढीव पैसे देऊ नयेत. भाडे तर दोन्ही बाजूंनी गेलेच आहे!

तिसरे उत्तर, ‘चुकून बोललो.’ पंधराशेच्या जागी दीडशे लिहिले गेले असेल तर ते आपल्यालाही तेव्हाच कळलेले असते. तशा चुकीवर हटून बसणे शोभत नाही. आणि भाव ठरल्यावर ऐन वेळी ‘पन्नास कमी करा’ म्हणणे हे तरी निराळे काय आहे?

भाव अचानक खाली आला तरी सावध राहावे. ओतीव नकला पुष्कळ फिरतात. रुपया तागडीत घालून वजन पडताळावे. शेतात सापडलेला हंडा म्हणून कुणी स्वस्तात देऊ लागला तर हात लावू नये. दहा रुपयांवरील गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. मोबाइलवर तुमच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो देऊ करून आधी ‘शुल्क’ मागणारे तर निव्वळ ठग. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली याबाबत जाहीर इशारा दिला होता.

पैसे दिल्यावर भाव वाढवला, किंवा नाणेही नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ आली तर पावती, निरोप, चित्रे जपून ठेवावीत. आधी लेखी मागणी करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. व्यापारी मुंबईचा असला तरी कारंज्याच्या माणसाने मुंबईला जाण्याचे कारण नाही.

हाच प्रसंग उलट बाजूनेही येतो. आजीच्या गाठोड्यातले रुपये विकायला निघालेल्या माणसाला फोनवर एक भाव सांगतात आणि दुकानात कमी देतात. तो कमी करायला हमखास कारण पुरवतो आपणच, नाणी घासून. चिंच, राख किंवा पावडर लावून चकचकीत केलेल्या रुपयाला छंदी गिऱ्हाईक हात लावत नाही. मग व्यापारी तो चांदीच्या भावाने तोलतो. काळी पडलेली नाणी काळीच राहू द्यावीत, आणि दुकानी नेण्याआधी गावच्या सराफाकडे त्यांचे वजन करून ते लिहून घ्यावे.